दऱ्या शोधल्या, दर्या सापडला: मुक्त सॉफ्टवेअरला मराठीच्या टेस्ट लिहायला माणसं हवीत

कुळागर (फोंडा)

केपेचं ‘कप’ झालं. पेडण्याचं ‘पडण’, सांग्याचं ‘साग’, म्हापशाचं ‘महापसा’ आणि मुरगावचं ‘मरगाव’.

झालं असं. एक मित्र गोव्यातल्या गावांची माहिती देणारी साइट करत होता. त्यासाठी त्यानं एक मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो असं) घेतलं. नाव सांगत नाही, कारण बाकी सगळ्या बाबतीत ते चांगलं आहे आणि सांभाळणारी मंडळीही फुकटच राबतात. मथळ्यावरून पानाची लिंक तयार करणारं एक फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, त्यात होतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर युरोपातल्या भाषा होत्या. अक्षर आणि त्यावरचं चिन्ह वेगळं करायचं, चिन्ह टाकून द्यायचं, की उरलं साधं अक्षर. फ्रेंचला हे चालून जातं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, आपला एकार, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे नेमके त्याच ‘जागा न घेणाऱ्या चिन्हां’च्या वर्गात मोडतात. काना, दोन्ही वेलांट्या आणि ओकार दुसऱ्या वर्गात. त्यामुळे ‘डिचोली’, ‘काणकोण’, ‘तिसवाडी’ शाबूत राहिले आणि बारापैकी उरलेले नऊ तालुके मोडले. मित्रानं सुरुवातीला करून पाहिलं होतं ते डिचोलीवर, म्हणून महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आम्ही इश्यू नोंदवला, म्हणजे प्रकल्पाला ही चूक कळवली. तिथल्याच कुणीतरी चार ओळींची दुरुस्ती पाठवली, ती मर्ज झाली (मूळ कोडमध्ये घेतली गेली), आम्ही खूश. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती घेतली आणि केपेचं परत ‘कप’! मधल्या काळात दुसऱ्या एका स्वयंसेवकानं कोड आटोपशीर करताना त्या चार ओळी काढून टाकल्या होत्या. त्याचं काहीच चुकलं नाही. त्या ओळी कशासाठी आहेत हे सांगणारं तिथं काही नव्हतंच.

दुसऱ्यांदा आम्ही दुरुस्तीसोबत टेस्ट दिली. बारा तालुके, बारा ओळी: हे नाव दिलं की हेच नाव परत आलं पाहिजे. आता जगात कुणीही त्या कोडला हात लावला की या बारा ओळी आपोआप चालतात आणि एक जरी चुकली तरी बिल्ड लाल होतं, म्हणजे तो बदल नापास ठरतो. ज्यानं केपे कधी पाहिलेलं नाही त्यालाही केपे मोडता येत नाही.

तेव्हापासून आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी हेच करतो. मराठीला जिथं जिथं ठेच लागते तिथं टेस्ट लिहून ती मूळ प्रकल्पाला पाठवायची. हात कमी पडतात. कोड लिहिणारे मिळतात, पण बरोबर उत्तर काय हे ठामपणे सांगणारे मिळत नाहीत. म्हणून हा धागा.

मांडवीकाठ

मी छापखान्यात मुद्रितशोधन करतो, बावीस वर्षं झाली. संगणकावर मजकूर तपासण्यापलीकडे काही येत नाही. माझ्यासारख्याचा यात काय उपयोग?

कुळागर

काका, तुम्हालाच शोधतोय आम्ही. टेस्ट म्हणजे शेवटी तीनच गोष्टी: काय दिलं, काय यायला हवं, आणि प्रत्यक्षात आलेलं त्याच्याशी जुळतं का. तिसरी गोष्ट यंत्र करतं. पहिल्या दोन माणसानं लिहायच्या असतात. आम्ही एक साधा तक्ता ठेवलाय, तीन रकान्यांचा: दिलेलं, अपेक्षित, आणि का. ‘का’ हा रकाना सोडायचा नाही. पाच वर्षांनी तो तक्ता पोलंडमधला कुणी वाचेल, तेव्हा ती ओळ काढावी की ठेवावी हे त्याला त्या रकान्यावरूनच ठरवावं लागेल. तक्त्याची टेस्ट करणारा दहा-बारा ओळींचा कोड आम्ही लिहितो. पायटेस्टमध्ये (पायथन भाषेतल्या कोडच्या टेस्ट चालवणारं साधन) एकच टेस्ट तक्त्यातल्या प्रत्येक ओळीवर स्वतंत्रपणे चालवता येते, म्हणजे नेमकी कुठली ओळ फेल झाली तेही कळतं.

मांडवीकाठ

मग एक विचारतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. प्रुफात हा घोळ मी रोज पाहतो. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. सॉफ्टवेअरला हा फरक कळतो का?

खाजन

काका, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. सविस्तर सांगतो.

‘दर्या’मध्ये साधा र असतो (यू+०९३०), मग हलन्त, मग य. ‘दऱ्या’ मात्र दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं. एक, नुक्त्याचा ऱ (यू+०९३१), हलन्त, य. दोन, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह (यू+२००डी), मग य. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या नियमांत दोन्ही मान्य आहेत, पैकी दुसरी पद्धत जुन्या २.० आवृत्तीशी सुसंगत राहावं म्हणून ठेवलेली. तुमचा कळफलक यातलं काय टाकतो हे तुम्हाला कळतही नाही.

आता शोधयंत्र लिहिणारा काय करतो? मजकुरातली अदृश्य चिन्हं आधी पुसून टाकतो, कारण बऱ्याच भाषांत ती कचराच असतात. दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेल्या ‘दऱ्या’तलं जोडचिन्ह पुसलं की उरतो ‘दर्या’. सह्याद्रीतल्या दऱ्या शोधायला गेलेला माणूस मिरामारला पोचतो.

यावर आमची टेस्ट तीन ओळींची आहे. दोन्ही प्रकारचे ‘दऱ्या’ शोधात एकच धरले पाहिजेत, आणि ‘दर्या’ त्या दोघांपेक्षा वेगळा राहिला पाहिजे. पहिल्या भागासाठी कोड लिहिणं सोपं आहे. पहिला भाग साधताना दुसरा मोडतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी तपासायला लागतात.

वर्णमाला (माशेल)

मी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त. तुमचा तक्ता एका माजी विद्यार्थिनीनं दाखवला. त्यातल्या क्रमवारीच्या पानावर माझा आक्षेप आहे.

तुम्ही ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये ठेवलाय. आमची वर्णमाला ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. पहिलीतलं मूलही सांगेल.

खाजन

बाई, ती ओळ आमच्या तक्त्यातली अपेक्षा नाही, यंत्रानं दिलेलं उत्तर आहे. ‘दिलेलं’ आणि ‘आलेलं’ असे रकाने त्या पानावर आहेत. पण नीट लिहिलेलं नाही हे खरं, आजच सुधारतो. युनिकोडच्या अंकांप्रमाणे लावलं तर ळ हा ल आणि व यांच्यामध्येच येतो, आणि आळशी कोड तसंच लावतो. ‘ह’नंतर ‘ळ’ ही अपेक्षा म्हणून घालतो.

पण बाई, क्ष आणि ज्ञ यांचं काय करायचं? तुमच्या वर्णमालेत ते शेवटी. क्ष म्हणजे क् आणि ष धरून तो ‘क’खाली लावणारे कोशही आहेत. ‘क्षमा’ कुठं शोधायची?

वर्णमाला

कोशात ‘क’खाली शोधायची, मुलांच्या हजेरीत शेवटी. दोन्ही बरोबर आहे. हे आमच्या शाळेतही एकदा दोन शिक्षकांत भांडणापर्यंत गेलं होतं.

कुळागर

हेच मला फार महत्त्वाचं वाटतं. टेस्ट लिहायला बसेपर्यंत आपल्याला वाटतं की आपल्याला सगळं माहीत आहे. ‘अपेक्षित’ रकान्यात काहीतरी लिहायलाच लागतं, तिथं ‘बहुधा’ लिहून चालत नाही. बाईंच्या उत्तरामुळे आम्ही एक टेस्ट न लिहिता दोन लिहितोय: नावांच्या यादीची वेगळी, कोशाची वेगळी. आणि प्रकल्पाला आधी प्रश्न विचारतोय की तुमचं हे फंक्शन यातल्या कुठल्या कामासाठी आहे?

सुरंगी (फर्मागुडी)

कुळागर दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काल तुमचा रेपो (कोडचं भांडार) फोर्क करून, म्हणजे त्याची माझी प्रत घेऊन, टेस्ट चालवल्या, अठ्ठावीस फेल झाल्या. ‘डिचोली’च्या जागी नुसती à आणि ¤ अशी चिन्हं दिसताहेत. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे. माझं काही चुकतंय का?

खाजन

सुरंगी, तुझं काहीच चुकलं नाही, आमचं चुकलं. तक्ता उघडताना फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवायची एक पद्धत) आहे हे आम्ही कोडला सांगितलंच नव्हतं. लिनक्सवर पायथन तसंच गृहीत धरतं, म्हणून आमच्या सगळ्यांकडे हिरवं दिसत होतं. तुझ्या विंडोजनं मजकूर साठवायची जुनी पश्चिम युरोपी पद्धत गृहीत धरली. तूच पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) पाठव, एका ओळीचा बदल आहे. आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) विंडोजवरही टेस्ट चालतील अशी ओळ त्यातच घाल. सार्वजनिक प्रकल्पांना गिटहब या कोड ठेवायच्या साइटची यंत्रं त्यासाठी पैसे घेत नाहीत.

सुरंगी

पाठवली! माझी पहिलीच. हिरवी टिक आल्यावर आईला दाखवली.

खाजन

छान. आता तीच टिक एकदा लाल करून बघ. खरंच सांगतोय. तू घातलेला शब्द काढ, टेस्ट चालव, फेल होते ना ते पाहा, मग परत घाल.

हा हट्ट का, तर आमचा एक जुना अनुभव. गेल्या पावसाळ्यात मी रफाराच्या चाळीस टेस्ट लिहिल्या आणि फाइलचं नाव ठेवलं ‘टेस्ट्स_रफार’. पायटेस्ट फाइल उचलतं ती नावाची सुरुवात ‘टेस्ट_’नं झाली असेल किंवा शेवट ‘_टेस्ट’नं झाला असेल तरच. माझ्या नावात एक जास्तीचा ‘स’ होता. बाकीच्या फाइली चालत होत्या, त्यामुळे एकूण निकाल हिरवा. पावसाळा संपून दिवाळी आली तरी त्या चाळीस टेस्ट एकदाही चालल्या नव्हत्या. मधे रफार मोडला आणि आम्ही लोकांना सांगत राहिलो की टेस्ट आहेत, काळजी नको. ज्या माणसाला मी तसं सांगितलं होतं त्याची नंतर फोन करून माफी मागितली.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. नवी टेस्ट आणणाऱ्यानं ती लाल झालेली दाखवायची, मगच मर्ज. रिव्ह्यू करणारा टेस्टची एकूण संख्याही बघतो. काल २१२ होत्या, आज तू तीन घातल्यास तर २१५ दिसल्या पाहिजेत.

म्हापशेकर

मुद्दा पटला. पण एवढं हातानं कशाला लिहिता? आता एआयला फंक्शन दिलं की पन्नास टेस्ट मिनिटात लिहून देतं. मी दुसऱ्या एका प्रकल्पाला तशाच दिल्या.

कुळागर

म्हापशेकर, आम्हीही करून पाहिलं, म्हणून सांगतो. आम्ही ते लिंकवालं जुनं, मोडकं फंक्शन त्याला दिलं आणि टेस्ट मागितल्या. त्यानं कोड वाचला, कोड काय करतो ते ओळखलं, आणि सुबक टेस्ट लिहून दिली: ‘केपे’ दिलं तर ‘कप’ यायला हवं. टेस्ट पास! म्हणजे चूकच अपेक्षा होऊन बसली. पुढं कुणी खरी दुरुस्ती केली असती तर हीच टेस्ट लाल होऊन त्याला अडवून बसली असती.

तक्त्याभोवतीचा कोड त्याच्याकडून लिहून घ्यायला माझी हरकत नाही. ‘अपेक्षित’ रकाना मात्र ज्याला भाषा येते त्यानंच भरायचा. आणि पन्नास टेस्ट एकदम पाठवू नका. समोरचा मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, नोकरी करून रात्री हे वाचतो. एका वर्तनाची एक छोटी पुल रिक्वेस्ट तो झोपण्यापूर्वी वाचू शकतो, पन्नासांची तो उघडणारही नाही.

म्हापशेकर

केपे-कपचं उदाहरण डोक्यात बसलं. मी माझ्या पन्नास परत उघडून बघतो.

दुसऱ्या दिवशी: बघितल्या. सहा ठिकाणी चूकच अपेक्षा म्हणून लिहिली गेली होती. त्या प्रकल्पाला तसं कळवलं, सहाही मागं घेतल्या.

रायबंदर_फेरी

ग्रंथालयात काम करते, म्हणून तिकडचं सांगते. कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं, जानेवारी २००० पासून वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिथं ज्यानं कोड लिहिला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी तो चालवून ‘मी तपासला’ अशी सही केल्याशिवाय पॅच (कोडमधला बदल) पुढं जात नाही. त्यानंतर गुणवत्ता पाहणारे वेगळे. सही करायला कोड यावाच लागतो असं नाही, पॅचसोबत लिहिलेल्या पायऱ्या करून बघायच्या असतात. मी त्या वाटेनंच यात आले.

टेस्ट लिहायला मला सगळ्यात आवडतो तो सुट्ट्यांचा हिशेब. पुस्तकाची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर काय, हे प्रत्येक ग्रंथालय आपलं ठरवतं. समजा ‘पुढच्या उघड्या दिवसावर ढकला’ असं ठरवलंय. १९ नोव्हेंबर २०२२ ला चौदा दिवसांसाठी पुस्तक दिलं. मुदत ३ डिसेंबर. त्या दिवशी जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण), आपल्याकडे सुट्टी. ४ ला रविवार. म्हणजे उत्तर ५ डिसेंबर, सोमवार. ‘एक सुट्टी आली तर एक दिवस पुढं’ एवढंच ज्याला येतं तो कोड ४ तारखेलाच थांबेल आणि वाचकाला रविवारी बंद दारापाशी उभा करेल. चवथीची तारीख दर वर्षी बदलते, फेस्ताची बदलत नाही, म्हणून दोन्ही प्रकारच्या सुट्ट्या टेस्टमध्ये हव्यात. अशी उदाहरणं आपल्या कॅलेंडरात भरपूर आहेत.

आणि वर्ष पक्कं लिहा, ‘आज’ लिहू नका.

खाजन

‘आज’वरून आम्हीही पोळलोय. एक टेस्ट कधीमधी फेल व्हायची, परत चालवली की पास. तीन महिने सगळे म्हणत, सर्व्हरचा काहीतरी त्रास असेल. शेवटी मांडवीकाठ काकांनी विचारलं, फेल होते तेव्हा किती वाजलेले असतात? वेळा काढल्या. सगळ्या मध्यरात्र ते पहाटे साडेपाच यांच्यामधल्या. कोडनं तारीख भारतीय वेळेनं काढली होती, टेस्टनं सर्व्हरच्या वेळेनं, आणि सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो, आपल्यामागं साडेपाच तास. तेवढा वेळ तिथं कालचीच तारीख असते. दिवसा काम करणाऱ्यांना ती चूक दिसलीच नाही, रात्री जागणाऱ्यांनाच दिसायची.

मांडवीकाठ

छापखान्यात रात्रपाळी केलेल्या माणसाला वेळच पहिली सुचते.

सुरंगी

एक शंका. काल ‘श्री’ची टेस्ट माझ्याकडे लाल, खाजन दादांकडे हिरवी. ‘श्री’ म्हणजे किती अक्षरं, एवढंच ती विचारते. माझ्याकडे एक येतं, त्यांच्याकडे दोन. अपेक्षित रकान्यात दोन लिहिलंय.

खाजन

अक्षरं मोजणारी तुझ्याकडची लायब्ररी (तयार कोडचा संच) नवी, माझी जुनी. युनिकोडनं २०२३ मध्ये १५.१ आवृत्तीत अक्षरं तोडण्याच्या नियमांत बदल केला. आधी ‘श्री’चे श् आणि री असे दोन तुकडे व्हायचे, आता देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकसंध धरतात. इथं कोड बरोबर आहे, आपली जुनी अपेक्षाच चूक होती. लाल झालं की आधी कोडवर संशय घ्यावा, पण तक्त्यावरही घ्यावा.

वर्णमाला

‘श्री’ एकच अक्षर. मी एकतीस वर्षं तेच शिकवलं. रकाना दुरुस्त करा.

सुरंगी

केला बाई. ‘का’ रकान्यात युनिकोडची आवृत्ती लिहिली.

मांडवीकाठ

एक राहिलं. कोंकणीचं काय? लिपी एकच, गोव्यात राजभाषा ती आहे, आणि १९८७ च्या कायद्यानं सरकारी कामात मराठीही चालते. एकच तक्ता दोघींना पुरेल का?

कुळागर

नाही पुरणार, आणि पुरवूही नये. तालुक्यांची नावं, रफार, अक्षरं तोडणं हे लिपीचं काम, ते सामायिक ठेवलंय. शब्द, क्रमवारी, शुद्धलेखन भाषेचं, त्याची फाइल वेगळी. मराठीच्या फाइलीला भाषेचं चिन्ह ‘एमआर’, कोंकणीच्या फाइलीला ‘केओके’. कोंकणीची अपेक्षा कोंकणी लिहिणाऱ्यांनीच भरावी, आम्ही अंदाजानं भरणार नाही. दोघी जणी तयार झाल्यात, त्यांची पहिली फाइल सुरू आहे.

वर्णमाला

मी आज माझ्या हातानं एक ओळ भरली. विद्यार्थिनी शेजारी होती, पण टंकलं मीच. दिलेलं: ‘अॅप’, म्हणजे अ वर अर्धचंद्र देऊन. अपेक्षित: एकाच चिन्हाच्या ‘ॲप’शी जुळलं पाहिजे. का: मुलं फोनवर दोन्ही प्रकारे लिहितात आणि दोन्ही डोळ्याला सारखंच दिसतं. चालवल्यावर लाल आलं. हे बरोबर झालं का?

खाजन

अगदी बरोबर, बाई. दोन्ही युनिकोडच्या लेखी वेगळे आहेत. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत, आणि नेहमीच्या सामान्यीकरणानं (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एका रूपात आणण्यानं) ते एकमेकांत बदलत नाहीत. म्हणून जोडणी आपणच लिहून द्यायला हवी. मी आज रात्री कोड लिहितो, तुमची ओळ आहे तशीच राहील.

कुळागर

बाईंची ओळ आणि खाजनचा कोड मूळ प्रकल्पाकडे गेला. मेंटेनरनं एकच प्रश्न विचारला, उलट दिशेनंही जुळतं का? बाईंनी दुसरी ओळ दिली. आज पहाटे मर्ज झालं. टेस्ट आता २१७.

येत्या रविवारी साडेनऊला, फोंड्याला माझ्याकडे. लॅपटॉप नसला तरी चालेल, शब्द घेऊन या. मुद्रितशोधनातल्या नेहमीच्या चुकांची वही मांडवीकाठ काका आणणार आहेत. सुरुवात तिथूनच.